शाई कुठे बसते? प्रिंटमेकिंगचे शब्द आणि तंत्रं, हाताने करत समजून घेण्यासाठी

मुद्राचित्राखालच्या, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्राखालच्या, पाटीवर कधी कधी असं लिहिलेलं असतं : ‘एचिंग, ॲक्वाटिंट आणि शीन कोले, ७/३०’. बघणारा मान डोलावतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. शब्दांच्या व्याख्या पाठ करून काही उपयोग झाला नाही, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द म्हणजे हाताच्या एखाद्या क्रियेचं नाव आहे. ती क्रिया एकदा स्वतः केली की शब्द विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

गोंधळ आवरायला एक प्रश्न पुरतो : कागदावर येण्याआधी शाई ठशावर नेमकी कुठे बसली होती?

ठसा म्हणजे ज्यावरून छापायचं ती वस्तू. लाकूड-लिनो असेल तर त्याला ब्लॉक म्हणतात, धातू असेल तर प्लेट, दगड असेल तर स्टोन आणि जाळी असेल तर स्क्रीन. शाई उंचवट्यावर बसली तर ते रिलीफ, खाचेत बसली तर इंटॅग्लिओ, सपाट पृष्ठभागावर बसली तर लिथोग्राफी आणि ठशातून आरपार गेली तर स्टेन्सिल किंवा स्क्रीन प्रिंट. यात न बसणारा एक प्रकार राहतो, मोनोटाइप. काचेवर किंवा गुळगुळीत प्लेटवर शाईने चित्र काढायचं आणि कागद दाबून उचलायचं. ठशावर कायमचं काही कोरलेलं नसल्यामुळे ते चित्र पुन्हा तसंच निघत नाही.

उंचवट्यावरची शाई : सुरुवात लिनोकटने करा

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड. साधारण ३ मिलिमीटर जाडीचा, हाताच्या पंजाएवढा तुकडा पहिल्या कामाला भरपूर झाला. जुना लिनो कडक होऊन कोरताना भुगा पडू लागला तर थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने कोमट करा, लोण्यासारखा कापला जातो.

चित्र पातळ कागदावर मऊ, गडद पेन्सिलीने काढा. कागद लिनोवर पालथा ठेवून मागून चमच्याने घासा. चित्र लिनोवर उलटं उतरेल, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. उलट-सुलट हिशेब डोक्यात करत बसायची गरजच नाही. मग पुसल्या न जाणाऱ्या मार्करने रेषा पक्क्या करा आणि पूर्ण ब्लॉकवर पातळ केलेल्या रंगाचा फिका हात फिरवून वाळू द्या. आता कोराल तिथे लिनोचा मूळ रंग दिसेल आणि छाप कसा येणार याचा अंदाज कोरतानाच येत राहील.

कोरण्याआधी एवढं लक्षात ठेवा : जे कोराल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. पेन्सिलीची सवय असलेल्या हाताला हे उमगायला वेळ लागतो. आधी व्ही आकाराच्या कोरणीने आकाराच्या कडा मोकळ्या करा, मग यू आकाराच्या कोरणीने मोठ्या जागा काढा. रेषेची बाजू बाहेरच्या दिशेला उतरती राहू द्या, टेकडीच्या पायथ्यासारखी. आतल्या बाजूला पोखरली तर दाबाखाली ती तुटते. वळण घेताना हात फिरवू नका, ब्लॉक फिरवा. मोकळा हात कायम कोरणीच्या मागे. सगळ्यांना हे माहीत असतं आणि तरीही सगळ्यांच्या डाव्या अंगठ्यावर एक खूण असते. टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी पाटी, म्हणजे बेंच हुक, वापरली तर ब्लॉक सरकत नाही आणि खूण टळते.

शाई लावणं हे कानाचं काम आहे. काचेवर नखाएवढी शाई घ्या आणि रोलरने पसरवा. बारीक, कोरडी सरसर ऐकू आली की थर बरोबर. पचपच आवाज आला, वर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले, तर शाई जास्त आहे. ब्लॉकवर एक जाड थर देण्याऐवजी चार-पाच पातळ थर द्या आणि दर वेळी रोलरची दिशा बदला.

प्रेस नसेल तर पातळ आणि गुळगुळीत कागद घ्या. जपानी कोझो कागद यासाठी उत्तम. ब्लॉकवर कागद ठेवला की तो हलता कामा नये. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जा. जपानी छापणारे यासाठी बारेन नावाची चपटी गोल गादी वापरतात, पण लाकडी चमचाही तितकाच इमानी. एक कोपरा दाबून धरून दुसरा उचला, डोकावून बघा, फिकं असेल तिथे पुन्हा घासा. हे डोकावणं प्रेसवर जमत नाही.

पहिले तीन-चार छाप फिके येतील. घाबरू नका, ब्लॉक अजून शाई पीत असतो. त्यानंतरही पांढरे ठिपके राहिले तर शाई किंवा दाब कमी पडतोय. बारीक पांढऱ्या रेषा बुजल्या तर शाई जास्त झाली. मोकळ्या जागेत कोरणीच्या उरलेल्या कंगोऱ्यांचे फराटे उमटतात, त्यांना चॅटर म्हणतात. काही जण ते कोरून साफ करतात. मी बहुतेक वेळा ठेवते, कारण हात कुठल्या दिशेने चालला होता ते त्यात दिसतं.

तेलाची शाई साध्या खाद्यतेलाने पुसा, मग साबणाचं फडकं फिरवा. एक गोष्ट मात्र कधीही हलक्यात घेऊ नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

एकापेक्षा जास्त रंग आले की रजिस्ट्रेशन येतं, म्हणजे प्रत्येक रंग दर वेळी त्याच जागी पडेल याची व्यवस्था. पुठ्ठ्यावर ब्लॉकसाठी एक काटकोनी कोपरा आणि कागदासाठी दुसरा कोपरा चिकटवला की घरगुती काम भागतं. जपानी वुडकटमध्ये ही खूण ब्लॉकवरच कोरतात. तिला केंतो म्हणतात : एक काटकोनी खाच, एक सरळ खाच, बस्स. जपानी चित्रकार होकुसाईची सुमारे १८३१ सालची ती प्रसिद्ध लाट अशाच ब्लॉकवरून छापली गेली. चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसे लावणारा प्रकाशक चौथा.

एकाच ब्लॉकवरून बहुरंगी छाप काढायची युक्ती म्हणजे रिडक्शन. आधी फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग तोच ब्लॉक आणखी कोरून त्यावर दुसरा रंग, असं गडदाकडे जायचं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पिकासोने ही पद्धत गाजवली. परतीची वाट नसते म्हणून तिला ‘सुसाइड प्रिंट’ असंही म्हणतात. शेवटच्या रंगापर्यंत ब्लॉक जवळजवळ संपलेला असतो. प्रती किती हव्यात ते पहिल्या रंगालाच ठरवावं लागतं आणि वर निम्म्या जास्त धराव्या लागतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात १२ कागद घेतले होते, पाचव्या रंगाला ४ उरले.

वुडकट आणि वुड एनग्रेव्हिंग एकच समजू नका. वुडकट फळीच्या लांबीवर, रेषा-धाग्यांच्या दिशेने कोरतात. वुड एनग्रेव्हिंगसाठी खोडाचा आडवा काप लागतो, बहुधा बॉक्सवूडसारख्या घट्ट लाकडाचा. तिथे धाग्याची दिशा आड येत नसल्याने केसाएवढी पांढरी रेषा निघते. इंग्लंडमध्ये थॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कला नावारूपाला आणली.

खाचेतली शाई : ड्रायपॉइंट, एचिंग, ॲक्वाटिंट

इथे सगळं उलट होतं. वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा, शाई फक्त खाचेत ठेवायची आणि ओलसर कागद प्रेसच्या दाबाने त्या खाचेत घुसवून ती उचलायची. म्हणून इंटॅग्लिओला खरी प्रेस लागतेच. चमचा इथे हरतो.

सर्वांत सोपा दरवाजा ड्रायपॉइंटचा. तांब्यावर, जस्तावर किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर पोलादी सुईने सरळ ओरखडत चित्र काढायचं. सुई चालते तशी खाचेच्या कडेला नांगरलेल्या मातीसारखी धातूची कड उभी राहते. त्या कडेला ‘बर’ म्हणतात. शाई खाचेपेक्षा या बरमध्येच जास्त अडकते आणि छापात रेषेला मखमली, पसरलेली काळी किनार येते. पण प्रेसच्या प्रत्येक फेरीत बर चेपत जाते. मखमल पाहिजे असेल तर ती पहिल्या काही छापांतच मिळते, म्हणून ड्रायपॉइंटच्या आवृत्त्या, म्हणजे एका ठशावरून काढलेल्या प्रतींचे संच, लहान असतात.

एनग्रेव्हिंगमध्ये ब्यूरिन नावाच्या चौकोनी टोकाच्या हत्याराने धातू कातून बाहेर काढतात आणि कड खरवडून टाकतात. रेषा स्वच्छ, धारदार, बारीक होत होत संपणारी. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५१४ सालचं ‘मेलन्कोलिया १’ भिंगातून पाहा, म्हणजे ही शिस्त काय असते ते कळेल. माझ्या मनगटात ती कधी आली नाही.

एचिंग त्या मानाने दयाळू, कारण इथे खाच पाडायचं काम रसायन करतं. क्रम असा. प्लेटच्या चारी कडा कानशीने ४५ अंशांत उतरत्या करा, नाहीतर त्या कागद आणि प्रेसचं ब्लँकेट दोन्ही कापतील. खडूच्या भुकटीने प्लेट घासून तेलकटपणा काढा. पाणी थेंब न होता सपाट पसरलं की प्लेट स्वच्छ झाली. तिच्यावर मेण, डांबर आणि राळ यांचं पातळ लेपण द्या, त्याला हार्ड ग्राउंड म्हणतात. ते वाळल्यावर सुईने हलकेच चित्र काढा. धातू खोदायचा नाही, फक्त लेप उघडायचा. मागची बाजू चिकट प्लॅस्टिकने झाका आणि प्लेट धातू खाणाऱ्या द्रावणात सोडा.

तांब्यासाठी फेरिक क्लोराईड वापरा. त्याला नायट्रिक ॲसिडसारखे विषारी धूर नसतात. फक्त त्यात गाळ बनून खाचेत बसतो आणि काम अडतं, म्हणून प्लेट पालथी तरंगत ठेवतात किंवा उभ्या टाकीत सोडतात. त्याच द्रावणात जस्त किंवा ॲल्युमिनियम टाकू नका, जोरात तापतं आणि वायू सुटतो. नायट्रिक वापरायचीच वेळ आली तर वारा खेळणारी जागा, चष्मा, हातमोजे हवेतच. आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

जितका वेळ जास्त तितकी खाच खोल, तितकी रेषा काळी. सगळ्या रेषा एकसारख्या नको असतील तर थोड्या वेळाने प्लेट बाहेर काढा, धुवा, वाळवा, ज्या रेषा फिक्या ठेवायच्या त्यांच्यावर व्हार्निश लावा आणि बाकीच्या पुन्हा सोडा. हे व्हार्निश लावून थांबवणं म्हणजे स्टॉपिंग आउट. किती मिनिटं, हे द्रावणाच्या ताकदीवर आणि हवेच्या उष्णतेवर ठरतं. दुसऱ्याचं वेळापत्रक उसनं घेऊ नका. प्लेटच्याच धातूची एक पट्टी घ्या, ती ५, १०, २०, ४० मिनिटांच्या टप्प्यांत कोरून छापा आणि भिंतीवर लावा.

रेषा झाल्या, पण करड्या छटा? त्यासाठी ॲक्वाटिंट. प्लेटवर राळेची बारीक पूड एकसारखी बसवून खालून गरम केलं की प्रत्येक कण वितळून चिकटतो. रसायन कणांच्या मधल्या फटींत शिरतं आणि असंख्य सूक्ष्म खड्ड्यांची जाळी तयार होते. शाई तिच्यात अडकून छटा देते. आधी जे पूर्ण पांढरं राहायचं ते व्हार्निशने झाका, थोडा वेळ सोडा, मग सर्वांत फिकं करडं झाका, पुन्हा सोडा. दर टप्प्याला वेळ साधारण दुप्पट केला तर छटांमधलं अंतर डोळ्याला नीट जाणवतं. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लॉस काप्रिचोस’ मालिकेतल्या ८० प्लेट्समध्ये ॲक्वाटिंटचा तो सपाट, दाटलेला अंधार आहे. राळेची पूड फुप्फुसाला वाईट आणि हवेत उडालेली असताना ठिणगी मिळाली तर भडकते. मास्क लावा. कित्येक जण आता त्याऐवजी ॲक्रिलिकचा फवारा वापरतात आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

याच घरातले आणखी शब्द : सॉफ्ट ग्राउंड म्हणजे न वाळणारं लेपण, त्यावर कापड किंवा पान दाबलं की पोत उतरतो. शुगर लिफ्ट म्हणजे साखरेच्या पाकात शाई घालून ब्रशने काढलेलं चित्र. वर व्हार्निश देऊन गरम पाण्यात बुडवलं की साखर विरघळून लेप उचलते आणि ब्रशचे फटकारे उघडे पडतात. मेझोटिंट मात्र वेगळं, त्यात काळ्याकडून पांढऱ्याकडे जायचं. रॉकर नावाच्या दातेरी पात्याने पूर्ण प्लेट खरखरीत करायची, ती छापली तर गच्च काळी येते. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. मेझोटिंटची सुरुवात १६४२ मध्ये लुडविग फॉन सीगनने केली. नुसती प्लेट खरखरीत करण्यात दिवसच्या दिवस जातात.

आता छापणं, जिथे नवशिके सर्वाधिक प्लेट्सचा विचका करतात. २५० ते ३०० ग्रॅमचा सुती कागद अर्धा तास पाण्यात भिजवा आणि टीपकागदात दाबा. वर चमक दिसता कामा नये, पण गालाला लावल्यावर गार लागला पाहिजे. प्लेट कोमट करा, पुठ्ठ्याच्या तुकड्याने शाई खाचांत भरा. टार्लटन, म्हणजे खळ दिलेल्या जाळीदार कापडाचा गोळा, गोल गोल हलका फिरवा. जोर लावला तर कापड खाचेतली शाई खेचून घेतं. शेवटी तळहाताच्या कडेला किंचित खडू लावून प्लेट पुसा. कडा चिंधीने स्वच्छ करा. प्लेट प्रेसवर, वर कागद, वर लोकरीची ब्लँकेट्स, आणि चाक न थांबता एका दमात फिरवा. मधे थांबलात तर तिथे आडवी पट्टी उमटते.

छापाभोवती प्लेटच्या कडांची दबलेली चौकट दिसते, तो प्लेट मार्क. मुद्दाम न पुसलेल्या शाईचा पातळ पडदा म्हणजे प्लेट टोन. डच चित्रकार रेम्ब्रांट त्यावर एकाच प्लेटमधून दिवस किंवा संध्याकाळ काढायचा. पुन्हा शाई न लावता काढलेला दुसरा फिका छाप म्हणजे घोस्ट. एकाच प्लेटवर वेगवेगळ्या भागांत चिंधीच्या बोळ्यांनी वेगवेगळे रंग भरणं म्हणजे आ ला पूपे. आणि पाटीवरचं ते शीन कोले : प्लेटएवढा कापलेला पातळ, बहुधा रंगीत कागद, मागे खळ लावून शाईच्या प्लेटवर ठेवायचा आणि वर जाड कागद. प्रेस एकाच फेरीत चित्र छापते आणि दोन्ही कागद चिकटवते.

विस्कॉसिटी प्रिंटिंग हे यातलं सर्वांत चतुर प्रकरण. पॅरिसमधल्या स्टॅनली हेटर यांच्या आतलिए १७ या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी आणि कायको मोती यांनी ते विकसित केलं. प्लेट वेगवेगळ्या पातळ्यांवर खोल कोरलेली असते. कडक रोलरने तेल मिसळलेली पातळ शाई वरच्या पातळीवर लावतात, मग मऊ रोलरने घट्ट शाई खालच्या पातळीपर्यंत पोचवतात. पातळ शाई घट्ट शाईला चिकटू देत नाही, म्हणून रंग एकमेकांत न मिसळता शेजारी राहतात आणि एका प्लेटमधून, एका फेरीत बहुरंगी छाप निघतो.

काम चालू असताना काढलेला छाप म्हणजे प्रूफ, आणि प्लेटमध्ये बदल करून काढलेली प्रत्येक अवस्था म्हणजे स्टेट. रेम्ब्रांटचं १६५३चं ‘तीन क्रूस’ चौथ्या स्टेटमध्ये इतकं बदललं की आधीच्या कित्येक आकृत्या अंधारात गडप झाल्या. तांबं खरवडून आणि घासून मागेही जाता येतं, लिनोत नाही.

सपाट दगड आणि जाळी

लिथोग्राफी १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरने बव्हेरियात शोधली. ना उंचवटा, ना खाच. तेल आणि पाण्याचं वैर, एवढंच भांडवल. झोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट खडूने किंवा टुशे नावाच्या द्रवाने चित्र काढतात. त्यावर डिंक आणि किंचित नायट्रिक ॲसिड लावलं की तेलकट जागा शाई धरू लागते आणि बाकीचा दगड पाणी. छापताना दगड सतत ओला ठेवून शाईचा रोलर फिरवतात. काढताना दगडाला बोट लावू नका. बोटाचं तेलही छापलं जातं, आणि ते छापल्यावरच कळतं.

स्क्रीन प्रिंटमध्ये ताणलेल्या जाळीवर प्रकाशाला कडक होणारं इमल्शन लावून अंधारात वाळवतात. पारदर्शक फिल्मवरचं काळं चित्र ठेवून प्रकाश देतात, पाण्याने धुतात. चित्राखालचं इमल्शन निघून जातं आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढलेली शाई तिथून आरपार उतरते. जाळी आणि कागदात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की जाळी लगेच उचलली जाते आणि कड फाटत नाही. चित्र उलटं करावं लागत नाही, हा या तंत्राचा मोठाच दिलासा. १९६२ पासून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने त्याला गॅलरीत मानाची जागा मिळवून दिली.

पेन्सिलीने लिहिलेलं

सही पेन्सिलीनेच करतात, छापाच्या खाली. डावीकडे क्रमांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही. ७/३० म्हणजे ३० प्रतींतली सातवी. सातवी छापलेली असेलच असं नाही, कारण वाळल्यावर चळत कुठल्याही क्रमाने उचलली जाते. त्यामुळे १/३० साठी जास्त पैसे मोजणं भाबडेपणाचं आहे. ए.पी. म्हणजे कलावंताच्या स्वतःच्या प्रती, साधारण आवृत्तीच्या दहा टक्के. बी.ए.टी. ही ‘अशीच छापा’ असं सांगणारी मंजूर प्रत. प्रिंटर्स प्रूफ छापणाऱ्याची, एच.सी. विक्रीसाठी नसलेली. ई.व्ही. लिहिलं असेल तर प्रती मुद्दाम एकमेकींपेक्षा वेगळ्या केल्या आहेत. आवृत्ती संपली की प्लेटवर आडवी रेघ मारून ती रद्द करतात, तो कॅन्सलेशन.

शेवटचा शब्द झिक्ले, कारण फसगत तिथेच होते. ही चांगल्या कागदावरची इंकजेट छपाई, १९९१ पासून हे नाव पडलं. ती वाईट नसते. पण एखाद्या रंगवलेल्या चित्राचा फोटो छापून त्यावर ७/३० लिहिलं तर त्यामागे कलावंताने केलेला कुठलाही ठसा नसतो. घेताना भिंग सोबत ठेवा. फुलासारख्या गुच्छात रंगीत ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे पुस्तकं-पोस्टरची यंत्रावरची छपाई, बारीक विखुरलेला फवारा दिसला तर इंकजेट. मग कागदावर बाजूने टॉर्चचा उजेड टाका. एचिंगची रेषा कागदावर किंचित उठलेली दिसते आणि प्लेट मार्कची कड सावली टाकते. लिनोकटमध्ये शाईची कड थोडी जाड, आकाराच्या सीमेवर दाटलेली असते. लिथोत असं काहीच दिसत नाही. तिथे भिंगातून तेलकट खडूचे दाणे शोधायचे.